विमानाची थरथर : घरगुती उड्डाण-अनुकरणयंत्रास स्पर्शाची जोड

विमान चालविणारा मनुष्य डोळ्यांनी पाहतो आणि कानांनी ऐकतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु याखेरीज आणखी एका मार्गाने विमान त्याच्याशी सतत बोलत असते. बसण्याचे आसन, पायांखालचा तळ आणि हातातील सुकाणूचा दांडा यांच्या द्वारे इंजिनाची, चाकांची व पंखांवरून वाहणाऱ्या हवेची थरथर त्याच्या शरीरापर्यंत पोहोचते. अनुभवी वैमानिक या थरथरीचा अर्थ लावतो आणि पुष्कळदा तबकड्यांवरील काट्यांकडे पाहण्यापूर्वीच सावध होतो.

जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ साली असे एक यंत्र तयार केले. त्याच्या वडिलांचा वाद्ये बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये असतात तसे हवेचे भाते वापरून त्याने विमानाच्या आकाराची लहानशी पेटी कलती व फिरती केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लक्षावधी वैमानिक या पेटीत बसून शिकले. आज तसाच सराव घरातील संगणकावर करता येतो. ब्रूस आर्टविक याने १९८० च्या सुमारास लहान संगणकांसाठी उड्डाणाचा कार्यक्रम रचला, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची आपली आवृत्ती काढली. तेव्हापासून पडद्यावरील चित्र व आवाज यांत विलक्षण सुधारणा झाली आहे. खुर्ची मात्र मुकीच राहिली. तिला बोलते कसे करावे, आणि तिने काय बोलावे व काय बोलू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

त्वचेचे कंपनज्ञान

एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात. तिचे एकक हर्ट्‌झ होय. कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतची कंपने ध्वनिरूपाने कळतात. त्वचेचा पल्ला याहून पुष्कळ लहान आहे, आणि त्यासाठी तिच्यात निरनिराळी ग्राहके असतात.

इटलीतील फिलिप्पो पाचीनी याला विद्यार्थिदशेत शवविच्छेदन करीत असता हाताच्या मज्जातंतूंवर बारीक दाणे आढळले. त्यांचे वर्णन त्याने १८४० साली प्रसिद्ध केले. हे दाणे म्हणजे कंपनाची ग्राहके होत. प्रत्येक दाणा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा असून त्यात मज्जातंतूच्या टोकाभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थर असतात. स्थिर दाब पडला की हे थर सरकून तो दाब पचवितात आणि मज्जातंतूपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. दाब झपाट्याने बदलू लागला की मात्र संदेश जातो. ही ग्राहके २०० ते ३०० हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. तेथे मिलिमीटरच्या सहस्रांशाहून लहान हालचालही त्यांना जाणवते. याहून मंद, म्हणजे सुमारे १० ते ५० हर्ट्‌झची फडफड ओळखण्याचे काम त्वचेच्या पृष्ठभागाजवळील दुसरी ग्राहके करतात. त्यांना माइस्नरची ग्राहके म्हणतात.

त्वचेच्या दोन मर्यादा येथे लक्षात ठेवल्या पाहिजेत. दोन जवळच्या स्वरांतील फरक कानाला सहज कळतो, तसा दोन जवळच्या कंप्रतांतील फरक त्वचेला कळत नाही. शिवाय एकच कंपन बराच वेळ चालू राहिले तर त्वचा त्यास सरावते आणि बधिर होते. या मर्यादांचे महत्त्व पुढे दिसून येईल.

विमानात कंपने कोठून येतात?

सेस्ना १७२ हे शिकाऊ वैमानिकांच्या परिचयाचे लहान विमान घेऊ. त्याच्या इंजिनास चार सिलिंडर असतात व प्रोपेलरला बहुधा दोन पाती असतात. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे होतात. फिरणाऱ्या भागांत जो थोडा असमतोल असतो त्यामुळे ४० हर्ट्‌झचे कंपन उत्पन्न होते. चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून चार सिलिंडरांचे मिळून प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ८० स्फोट होतात. प्रोपेलरची दोन पातीही सेकंदाला ८० वेळा हवा कापतात. इंजिनाचा वेग कमी केला की या दोन्ही कंप्रता त्याच प्रमाणात उतरतात.

धावपट्टीवरील धक्के निराळे. समजा, काँक्रीटच्या फरशांचे सांधे पाच-पाच मीटरांवर आहेत आणि विमान सेकंदाला २५ मीटर वेगाने धावत आहे. मग प्रत्येक चाकास सेकंदाला पाच धक्के बसतील, वेग वाढेल तसे ते दाट होतील आणि चाके जमीन सोडताच थांबतील. हे थांबणे हाही एक संदेशच आहे.

सर्वांत महत्त्वाची थरथर पंखांची. पंखाची पुढील कड वर उचलली म्हणजे पंख समोरून येणाऱ्या हवेशी मोठा कोन करतो व उचलणारे बल वाढते. परंतु हा कोन एका मर्यादेपलीकडे, सामान्य पंखाच्या बाबतीत सुमारे १५ अंशांपलीकडे गेला, की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागास धरून वाहत नाही. ती सुटते, तिचे भोवरे बनतात आणि उचलणारे बल एकाएकी घटते. या अवस्थेस स्टॉल म्हणतात. ती जवळ येऊ लागली की सुटलेल्या हवेचे भोवरे पंखावर व शेपटावर आदळतात आणि विमान अनियमितपणे थरथरू लागते. वैमानिकाने या वेळी दांडा पुढे ढकलून कोन कमी केला पाहिजे.

मोठ्या विमानांत सुकाणूचे काम द्रवदाबाच्या यंत्रणेने होते. त्यामुळे पंखांवरील हवेची धडधड हातापर्यंत येत नाही. यावर उपाय म्हणून कित्येक विमानांत दांड्यालाच एक विद्युत्‌ मोटर जोडलेली असते. तिच्या आसावर मध्यापासून बाजूला सरकविलेले वजन असते. स्टॉल जवळ आला की ही मोटर दांडा खडखडा हलविते. ही कृत्रिम थरथर होय, आणि घरगुती यंत्रातही आपल्याला हेच साधावयाचे आहे.

दोन अपघातांची साक्ष

या थरथरीची किंमत किती, हे दोन अपघातांवरून कळते. २५ मे १९७९ रोजी शिकागोच्या विमानतळावरून अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-१० जातीचे विमान उडत असता त्याच्या डाव्या पंखाखालील इंजिन निखळून पडले. त्याबरोबर पंखातील नळ्या तुटल्या आणि पंखाच्या पुढच्या कडेच्या, उड्डाणासाठी बाहेर काढलेल्या पट्ट्या आत सरकल्या. त्यामुळे डावा पंख उजव्यापेक्षा अधिक वेगावरच स्टॉल होऊ लागला. दांडा हलविणारी मोटर फक्त कप्तानाच्या बाजूस होती, आणि तिला वीज पुरविणारे जनित्र त्याच निखळलेल्या इंजिनावर होते. इशारा मिळालाच नाही. वैमानिकांनी प्रचलित नियमाप्रमाणे वेग कमी केला, विमान डावीकडे कलंडले आणि जमीन सोडल्यापासून ३१ सेकंदांत कोसळले. विमानातील २७१ व जमिनीवरील दोन माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी मंडळाने अपघाताच्या कारणांत स्टॉलचा इशारा बंद पडल्याचा स्पष्ट उल्लेख केला. त्यानंतर अशा विमानांत दोन्ही वैमानिकांच्या दांड्यांवर ही योजना असणे सक्तीचे झाले.

दुसरा अपघात १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ झाला. कोल्गन एअरच्या विमानाचा वेग उतरताना फार कमी झाला आणि दांडा योग्य वेळी थरथरला. कप्तानाने तो पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. स्टॉल टळण्याऐवजी पुरता ओढवला व विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशा ५० माणसांचा अंत झाला. पहिल्या प्रसंगी थरथर मिळाली नाही. दुसऱ्या प्रसंगी ती मिळाली, पण हाताने तिला योग्य उत्तर दिले नाही. यानंतर अमेरिकेत स्टॉलच्या प्रशिक्षणाचे नियम कडक करण्यात आले, आणि व्यावसायिक अनुकरणयंत्रांत स्टॉलची थरथर अधिक सत्य असावी असा आग्रह धरण्यात आला. घरगुती यंत्र बनविणाऱ्यानेही यातून हेच शिकावयाचे आहे की कंपन हे करमणुकीचे साधन नसून संदेश आहे, आणि त्या संदेशाबरोबर त्याचे उत्तरही शिकले पाहिजे.

कंपन निर्माण करण्याच्या दोन रीती

पहिली रीत बाजूला सरकविलेल्या वजनाच्या मोटरची. भ्रमणध्वनीत अशीच चिमुकली मोटर असते. समजा, २० ग्रॅमचे वजन आसापासून एक सेंटिमीटर अंतरावर असून ते सेकंदाला ५० फेरे घेत आहे. त्यापासून सुमारे २० न्यूटन, म्हणजे दोन किलोग्रॅम वजनाइतके बल उत्पन्न होते. फेरे निम्मे केले तर बल चतुर्थांश, म्हणजे पाच न्यूटन उरते. कारण हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. या रीतीचा दोष यातच आहे. कंप्रता व जोर एकमेकांस बांधलेले असतात, मंद परंतु जोरदार थरथर तिच्याने होत नाही. दांड्यावरील इशाऱ्यास मात्र ती उत्तम.

दुसरी रीत ध्वनिक्षेपकाची. ध्वनिक्षेपकात चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्‌प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते व कागदी शंकूने हवा हलविते. आसनाच्या कंपकात शंकू नसतो, त्याऐवजी एक जड वस्तुमान हलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तितकेच उलट बल कंपकाच्या कवचावर व पर्यायाने खुर्चीवर येते. असे कंपक बहुधा २० ते ८० हर्ट्‌झच्या पल्ल्यात चांगले चालतात. त्यांत कंप्रता व जोर स्वतंत्रपणे बदलता येतात, म्हणून आसनासाठी हीच रीत श्रेयस्कर.

जुळणी

संगणकाच्या आवाजातील खालचे सूर वेगळे काढून कंपकाकडे पाठविणे, हा सर्वांत सोपा मार्ग होय. परंतु मग मेघगर्जना आणि रेडिओवरील जाड आवाजाचे बोलणे हेही खुर्ची हलवू लागतात. संदेशात गोंधळ माजतो. याहून चांगला मार्ग असा, की उड्डाणाच्या कार्यक्रमातून इंजिनाचे फेरे, वेग, पंखाचा कोन, चाके जमिनीवर आहेत की नाहीत, अशा राशी घ्याव्यात व त्यांवरून कंपने बनवावीत. एक्स-प्लेन हा कार्यक्रम अशा राशी जाळ्यावरून बाहेर पाठवू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमातही त्या वाचण्याची सोय आहे. बनविलेली कंपने संगणकाच्या दुसऱ्या ध्वनिमार्गाने विवर्धकाकडे आणि तेथून कंपकाकडे न्यावीत. विवर्धकाची शक्ती कंपकास सोसेल इतकीच असावी व दोहोंचे ओहममधील आकडे जुळावेत. घरातील विजेशी संबंध येणारे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

कंपक गादीवर न ठेवता खुर्चीच्या लाकडी अथवा धातूच्या सांगाड्यास घट्ट आवळावा, कारण मऊ गादी कंपन गिळून टाकते. उलट खुर्चीच्या पायांखाली रबर हवे, नाहीतर थरथर खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांपर्यंत पोहोचते. बसणाऱ्याच्या भाराने रबर चार मिलिमीटर दबत असेल, तर खुर्ची व रबर मिळून त्यांची स्वाभाविक कंप्रता सुमारे ८ हर्ट्‌झ होते. ४० हर्ट्‌झचे कंपन हे याच्या पाचपट असल्याने त्याचा सुमारे चोविसावा भागच जमिनीत उतरतो. मात्र ८ हर्ट्‌झच्या आसपास खुर्ची स्वतःच डोलू लागेल. यास अनुस्पंदन म्हणतात, आणि ते टाळणे बरे.

किती आणि केव्हा?

पुष्कळांचा पहिला मोह असतो तो इंजिनाची धडधड जोरात ठेवण्याचा. त्वचा सतत चाललेल्या कंपनास सरावते हे आपण पाहिले. अशा धडधडीखाली स्टॉलची नाजूक पहिली चाहूल बुडून जाते. यास्तव जोडणीचा क्रम उलट असावा. प्रथम केवळ स्टॉलची थरथर बसवावी, नंतर चाकांचे धक्के, आणि सर्वांत शेवटी इंजिन, तेही जेमतेम जाणवेल इतके. जेथे दोन-तीन कंपक परवडतात तेथे इंजिन आसनात, चाके पायांत व स्टॉल दांड्यात अशी वाटणी करावी. जागा निराळी असली की त्वचेला अर्थ चटकन कळतो. चित्र व धक्का एकाच वेळी यावेत. उशिरा आलेला धक्का विसंगत वाटतो.

जुळणी नीट झाली की नाही, याची एक साधी परीक्षा आहे. बसणाऱ्याने डोळे मिटावेत व कान झाकावेत. दुसऱ्याने विमान धावपट्टीवर, हवेत व स्टॉलच्या काठावर असे क्रम न सांगता न्यावे. बसणाऱ्यास प्रत्येक अवस्था केवळ स्पर्शाने ओळखता आली पाहिजे. ओळखता येत नसेल तर कंपने कितीही जोरदार असली तरी ती निरुपयोगी समजावीत. शाळेतील विद्यार्थ्यांना ही परीक्षा घेऊन कोण किती वेळा बरोबर ओळखतो याचा तक्ता करता येईल.

मर्यादा

थरथर विमान कोणत्या बाजूस कलले आहे हे सांगत नाही. ढगात शिरलेल्या वैमानिकास शरीराच्या जाणिवा फसवितात, म्हणून त्याने उपकरणांवरच विश्वास ठेवावा लागतो. १९२९ च्याच सप्टेंबरात जेम्स डुलिटल याने झाकलेल्या कक्षात बसून केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले व उतरविले, ते याच तत्त्वावर. दीर्घकाळ जोराचे कंपन शरीरास, विशेषतः पाठीच्या कण्यास, अपायकारक असते. यासाठी युरोपात २००२ साली कामगारांकरिता मर्यादा घालण्यात आल्या. तेव्हा घरीही जोर बेताचा व बैठक थोड्या वेळाची असावी.

या मर्यादा सांभाळून जो आपल्या खुर्चीस बोलती करील, त्याने एक सवय मात्र अवश्य लावून घ्यावी. दांडा थरथरला की हात आपोआप पुढे गेला पाहिजे, मागे नव्हे. हा सराव इतक्या वेळा करावा की विचार करण्यास वेळ नसतानाही हात चुकणार नाही.