कणसांच्या फेस्तापासून सायबिणीच्या भेटीपर्यंत

गोव्यातील शेतकरी पावसाळी भातपिकाला ‘सरद’ आणि हिवाळी पिकाला ‘वायंगण’ म्हणतो. सरद म्हणजेच शरद. हा शब्द ध्यानात ठेवला की ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात गोव्यातील ख्रिस्ती गावांत साजऱ्या होणाऱ्या फेस्तांचा क्रम उलगडू लागतो. संतांच्या तिथी रोमच्या पंचांगातून आल्या; पण त्यांपैकी कोणत्या तिथींना गावाने आपल्या म्हणून उचलून धरले, हे बऱ्याच अंशी भातशेतीने ठरवले.

नवे दाणे, एकच भावना

या क्रमाचा आरंभ कणसांच्या फेस्ताने होतो. सासष्टीत पहिला मान रायचा. तेथील चर्च हिमाच्या सायबिणीचे, आणि तिच्या सणाच्या दिवशी, ५ ऑगस्टला, नवी कणसे कापली जातात. ताळगावात हा सोहळा २१ ऑगस्टला होतो. पाद्री, गावकर आणि भाविक मिरवणुकीने शेतात जातात. पिकाला आशीर्वाद दिला जातो, विळ्याने पहिली कणसे कापली जातात आणि ती चर्चमध्ये वेदीपाशी अर्पण होतात. मग प्रत्येक कुटुंब आपल्या वाट्याचे कणीस घरी नेऊन देव्हाऱ्याजवळ ठेवते.

याच सुमारास शेजारच्या हिंदू घरांत गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ‘नवे’ साजरे होते. तेथेही नवी कणसे शेतातून आणून पूजली जातात आणि घरात बांधली जातात. धर्म वेगळे असले, तरी वर्षाचे पहिले धान्य आधी देवाला, मग घराला, हा दोन्ही घरांचा नेम एकच आहे.

८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस, म्हणजे मोंती सायबिणीचे फेस्त येते. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना चालते. लहान मुले परसातली व रानातली फुले टोपल्यांतून आणतात आणि मूर्तीवर उधळतात. पावसाळ्याच्या अखेरीस गोवा फुलांनी भरलेला असतो, त्यामुळे टोपली भरण्यासाठी बाजार गाठावा लागत नाही.

धान्य घरात येऊ लागते, तशी फेस्तांना जत्रेची कळा चढते. कोलव्याची ‘फामा’ ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते. त्या दिवशी बाळ येशूची, म्हणजे मिनीन जेझूची मूर्ती दर्शनासाठी बाहेर काढली जाते. नावेलीच्या रोझरी चर्चचे फेस्त नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी भरते. फेरीत खाजे, चणे, भांडी, कपडे, लाकडी सामान यांची दुकाने लागतात. खाज्याच्या दुकानावरील विक्रेता अनेकदा तोच असतो, जो पुढे देवळाच्या जत्रेतही दिसतो. या दोन फेस्तांच्या मध्ये, २ नोव्हेंबरला, मृतांचे स्मरण होते. त्या दिवशी कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजवल्या जातात.

फेस्त कोण करते?

एका चर्चच्या कक्षेतील गावाला वा वाड्यांच्या समूहाला ‘फिर्गज’ म्हणतात. तेथे धार्मिक विधी पाद्री करतो, पण फेस्ताचा भार उचलतात गावातील माणसे. चर्चच्या मालमत्तेचा व्यवहार ‘फाब्रिक’ पाहते. ‘कोंफ्रारी’ ही भाविकांची बंधुसंस्था असते. तिचे सदस्य ओपा-मुर्स हा खास पोशाख घालून मिरवणुकीत आणि सदस्यांच्या अंत्ययात्रेत सहभागी होतात. फेस्ताचे यजमानपद, म्हणजे ‘प्रेजिदेंत’पण, दरवर्षी वेगळ्या व्यक्तीकडे जाते. काही कोंफ्रारींचे सदस्यत्व गावकर घराण्यांपुरते मर्यादित राहिल्याने मानपानावरून वादही झाले आहेत. अलीकडच्या दशकांत वाड्यावाड्यांवरील ‘लहान ख्रिस्ती समुदायां’नी सहभागाचे दार बरेच रुंद केले.

या रचनेचे सर्वांत जिवंत रूप सायबिणीच्या भेटीत दिसते. मरियेची मूर्ती वाड्यावरील एकेका घरी एक दिवस मुक्काम करते. संध्याकाळी शेजारी जमतात, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, गीते गायली जातात, यजमान उकडलेले चणे किंवा काही गोड वाटतो. दुसऱ्या दिवशी दिवे घेऊन सर्वजण मूर्ती पुढच्या घरी पोहोचवतात. श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येक घर एका रात्रीपुरते साऱ्या वाड्याचे यजमान होते. रुसलेले शेजारीही त्या निमित्ताने उंबरा ओलांडतात.

रिकामी शेते, बंद घरे

नेमक्या याच दोन ठिकाणी आज ताण जाणवतो. कणसांच्या फेस्ताला पिकते शेत लागते, आणि अनेक गावांत शेते पडीक आहेत. पूर्वी गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, शेते कसायला देई, बांध राखी आणि उत्पन्नातून चर्चलाही हातभार लावी. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. ते न्यायाचेच होते. मात्र बांधांच्या सामूहिक देखभालीची जबाबदारी पुढे अनेक ठिकाणी ढिली पडली. खाजन शेतात एकदा बांध फुटला की खारे पाणी शिरते, आणि एकट्या शेतकऱ्याला ते आवरत नाही. त्यात मजुरी, तुकड्यांत वाटलेली जमीन आणि रानडुकरांचा उपद्रव यांची भर पडली. २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणले. पण विकली न गेलेली जमीन आपोआप पिकत नाही.

सायबिणीची वाटही तशीच अडते. आखातात, पोर्तुगालात वा इंग्लंडमध्ये गेलेल्यांची घरे कुलूपबंद असतात आणि मूर्ती ती ओलांडून पुढे जाते. काही ठिकाणी शेजारी त्या घरापुढील पायरीवर मेणबत्ती लावून त्या कुटुंबासाठी प्रार्थना करतात.

उपायही फिर्गजीतूनच पुढे येत आहेत. सासष्टीतील काही गावांत पाद्री, तरुण आणि शेतमालकांनी एकत्र येऊन पडीक शेतांत यंत्राने लावणी केली. मालक परदेशी असला तरी त्याची संमती मिळवणे, शेजारच्या दहा तुकड्यांत एकाच वेळी ट्रॅक्टर घालणे, बांध दुरुस्त करणे ही कामे एकट्यादुकट्याला जड जातात. फेस्ताच्या निमित्ताने घरोघर फिरणाऱ्या माणसांना मात्र कोणते शेत कोणाचे आणि त्याचा मालक कोठे आहे, हे ठाऊक असते. कोंफ्रारी आणि समुदाय यांची ही ओळख शेतीच्या कामी आणणाऱ्या गावांत वेदीवरचे कणीस गावच्याच मातीतले असते. इतरांना ते शेजारगावातून आणावे लागते. ऑगस्टमध्ये वेदीपाशी जाणाऱ्या त्या कणसाचा निर्णय पावसाच्या तोंडावर, शेतात नांगर उतरतो की नाही, तेव्हाच झालेला असतो.