दिवे लावले की काटे हलतात

सकाळी ७

सप्टेंबर उजाडला की मांडव्याच्या आसपासच्या बोटींवरची ताडपत्री निघू लागते आणि बोटींची वायरिंग बघणाऱ्या आम्हा लोकांना दिवस पुरत नाही. आजची बोट चोवीस फुटी, फायबरची, अमेरिकन बनावटीची. १९९० च्या दशकातली, आत पेट्रोल इंजिन बसवलेली. मालकाचा निरोप एका ओळीचा आहे: ‘मीटरचे दिवे मंद झालेत, जास्त वॉटचे बल्ब टाकून द्या.’

बल्ब मी बरोबर घेतो, पण पूर्वीच्याच वॉटचे. मीटरच्या प्लॅस्टिकच्या डबीत जेमतेम साडेतीन वॉटच्या बल्बाची उष्णता मावते. तिथे दहा वॉटचा बल्ब बसवला तर डायल पिवळी पडते, होल्डर मऊ होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. शिवाय हे दिवे शोभेचे नाहीत. रात्रीच्या फेरीत इंजिनाचं तापमान, ऑइलचं प्रेशर, बॅटरीचं चार्जिंग तांडेलाला त्यांच्याच उजेडात वाचायचं असतं.

सकाळी ७:४५

बोट ट्रॉलीवर, शेडमध्ये उभी आहे. हत्यारं काढण्याआधी मी तांडेलाशी बोलून घेतो. बोटीचं दुखणं त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

‘काका, सगळे दिवे सारखेच मंद आहेत का?’

‘नाही. डावीकडचा पहिला मीटर बरा दिसतो. उजवीकडे जावं तसा उजेड कमी. शेवटचा तर दिसतच नाही.’

‘आणि दिवे लावल्यावर काटे जागचे हलतात का?’

ते क्षणभर विचार करतात. ‘हलतात ना. दिवे लावले की टेंपरेचरचा काटा सरकतो, बंद केले की परत येतो. जुना मीटर म्हणून मी सोडून दिलं.’

या दोन उत्तरांनी निम्मं काम झालं. दिव्याच्या बटणाने इंजिनाचं पाणी तापत नाही, निवतही नाही. तरीही काटा हलतो, याचा अर्थ दिवे आणि मीटर ज्या एकाच काळ्या, निगेटिव्ह तारेने बॅटरीकडे परततात, ती वाट कुठेतरी अडली आहे. टेंपरेचर मोजणाऱ्या सेन्डरचा करंट इंजिनाच्या ब्लॉकवरून थेट परततो, मीटरचा मात्र डॅशबोर्डमागच्या तारेवरून. त्या तारेत दिव्यांचा करंट वाढला की मीटरची ‘शून्य’ पातळीच वर उचलली जाते आणि काटा खोटं सांगू लागतो. मंद दिवा हीही त्याच दोषाची खूण.

सकाळी ८:३०

पेट्रोल इंजिनाची बोट, म्हणून आधी इंजिनाच्या कप्प्याचं झाकण उघडायचं, नाकाने वास घ्यायचा, ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवायचा. वाफ साचलेली असताना एक ठिणगी पुरते. या पायरीला माझ्याकडे सूट नाही.

मग बॅटरी. काही न लावता १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने आणि ब्रशने साफ करून पुन्हा घट्ट आवळतो. यानंतर दिव्यांचं बटण पूर्ण चालू, आणि डिमरही पूर्ण उजेडावर. इथून पुढची सगळी मापं दिवे पेटलेले असतानाच घ्यायची. तार फक्त एका केसाएवढ्या धाग्याने जोडलेली असली तरी करंट वाहत नसताना मल्टिमीटर तिथे १२.६ दाखवतो. तिचा कमकुवतपणा ओझं पडल्यावरच उघड होतो.

सकाळी ९:१५

डॅशबोर्डचा पत्रा चार स्क्रूंवर आहे. तो पुढे ओढण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढतो, कारण जांभळ्या इग्निशन तारेचा उघडा स्टड पत्र्याला लागला तर फ्यूज जाईल किंवा तार जळेल. पत्रा पुढे आला की कोरडा पुठ्ठा मध्ये सरकवून बॅटरी परत जोडतो.

मागे नेहमीचं दृश्य आहे. गडद निळी तार दिव्यांची, जांभळी मीटरची, काळी निगेटिव्ह. काळी तार पहिल्या मीटरच्या स्टडवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अशी साखळीने सहाव्यापर्यंत गेली आहे. कारखान्यात असं जोडणं स्वस्त आणि झटपट. पण प्रत्येक मीटरवर दोन थिंबल आणि एक नट आले, म्हणजे बिघडायला जागा वाढल्या. पहिला मीटर उजळ आणि शेवटचा अंधारात का, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

आता मोजणी. बॅटरीवर, दिवे चालू असताना, १२.५. सहाव्या मीटरच्या बल्बाच्या दोन टोकांत १०.२. मधले २.३ व्होल्ट वाटेत सांडले. व्होल्टेज साधारण अठरा टक्क्यांनी पडलं, पण तापून पेटणाऱ्या तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने पडतो. अठरा टक्क्यांच्या घटीत उजेड जवळजवळ निम्मा होतो.

सकाळी १०:३०

आता ते २.३ व्होल्ट नेमके कुठे गेले, ते शोधायचं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लांब तारेने बांधून ठेवतो आणि दुसरं टोक वाटेतल्या एकेका जोडावर टेकवत पुढे जातो. फ्यूजपर्यंत ०.१. बटणात ०.२. डिमरमध्ये ०.५. उरलेल्या तारेत ०.१. पॉझिटिव्ह बाजूला एकूण ०.९.

मग तीच पद्धत निगेटिव्ह बाजूला. डॅशबोर्डपासून बॅटरीपर्यंतच्या मोठ्या तारेत ०.३, आणि मीटरच्या साखळीत १.१. एकूण १.४. बेरीज जुळली.

सहा बल्ब मिळून पावणेदोन अँपिअर घेतात. दीड स्क्वेअर मिलिमीटरची धडधाकट तार, जाऊन-येऊन बारा मीटर, एवढ्या करंटला पाव व्होल्टच खाते. बाकीचं सगळं जोडांनी खाल्लं. ही मापं मी बोटीच्या वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी कोणी दुसरा आला तरी त्याला आरंभ कुठून करायचा ते कळेल.

दुपारी १२

काळ्या तारेचं टोक सोलतो. तांबं आत चार बोटांपर्यंत काळं पडलं आहे, थिंबलजवळ हिरवं कळकलं आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. ते पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून आत चढतं आणि बाहेरचं रबर धड असलं तरी तांबं आतून खात जातं. पावसाळ्यात ताडपत्रीखाली कोंडलेली दमट हवा याला पोषक. म्हणून नुसतं टोक कापून नवं थिंबल लावण्यात अर्थ नाही. काळ्या पडलेल्या तांब्यावर दाबलेला जोड लवकरच परत तापतो.

दुपारी १

डबा उघडतो तोच मालकांचा फोन. ‘मग एलईडीच टाकू या का? करंटही कमी लागेल.’

प्रश्न योग्य आहे, त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं. एलईडी टाकता येईल, पण तारा दुरुस्त केल्यानंतर. आधी टाकला तर करंट घटल्यामुळे दिवे उजळ दिसतील, काटेही कमी हलतील आणि कळकलेली तार आणखी काही वर्षं लपून राहील. दुसरं, जुना तारेचा डिमर इतक्या कमी करंटवर एलईडी नीट मंद करू शकत नाही, त्यासाठी वेगळा डिमर लागतो. तिसरं, स्वस्त एलईडीमधून रेडिओत खरखर शिरते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. चॅनल १६ वर मदतीची हाक ऐकू आली नाही, तर वाचवलेल्या करंटचं काय करायचं?

मालक म्हणतात, ‘आधी तारा करा.’ मला हेच हवं होतं.

दुपारी २

आता खरं काम. डॅशबोर्डमागे सुकी, हात पोचेल अशी जागा बघून पितळी बसबार बसवतो. तिथून प्रत्येक मीटरला स्वतःची काळी तार. साखळी संपली. एका जोडाने दगा दिला तर एकच मीटर बंद पडेल, बाकी पाच खरं सांगत राहतील. बसबारपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार.

तार कल्हईचीच घेतो. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात ती ज्या कारणाने, त्याच कारणाने बोटीच्या तारेतला प्रत्येक धागा कथिलाने मढवलेला असावा. मोटारीच्या दुकानातली साधी तार किमतीला निम्मी मिळते आणि समुद्रावर लवकर काळी पडते. थिंबल रॅचेटच्या क्रिम्परने दाबतो, वरून आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवतो, मग प्रत्येक जोड हाताने जोरात ओढून बघतो. नुसत्या डाकावर भरवसा ठेवत नाही. डाक लावलेली तार कडक होते आणि लाटांच्या हादऱ्यांनी डाकाच्या कडेला तुटते.

दुपारी ३:३०

डिमर काढतो. आत चिनी मातीवर गुंडाळलेली तार आणि तिच्यावर फिरणारी पत्ती, पत्तीखाली तपकिरी थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो बराच वेळ दोन्ही बाजूंना फिरवतो. पुन्हा मोजल्यावर पूर्ण उजेडावर ०.५ चे ०.१ झाले. नाही झाले असते तर नवा बसवावा लागला असता.

मग बल्ब. जुन्या काचा आतून काळवंडल्या आहेत, टंगस्टनची वाफ होऊन काचेवर बसते. बल्बांवरच्या हिरव्या टोप्या भाजून तपकिरी झाल्या आहेत. नव्या टोप्या, नवे बल्ब, होल्डरच्या पत्त्या बारीक पॉलिश पेपरने घासून, वर किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस.

सायंकाळी ५

निळ्या तारेबरोबरच त्याच बटणावरून करडी तार निघते. ती बाहेरच्या लाल, हिरव्या आणि पांढऱ्या दिव्यांची. आत उजेड कमी होता तेव्हा बाहेरही कमी असणार, हे गृहीत धरून तिथेही मोजतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांप्रमाणे बारा मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे दिवे किमान एक सागरी मैलावरून आणि पांढरा दोन मैलांवरून दिसायला हवेत. डॅशबोर्डच्या दिव्यांना दहा टक्के घट चालवून घेता येते, या दिव्यांना तीन टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे बारा व्होल्टांत जेमतेम ०.३६. मागच्या पांढऱ्या दिव्याचा होल्डर गंजलेला निघाला, तो बदलला.

सायंकाळी ७

अंधार पडला. शेडचे दिवे बंद करून तांडेलकाका सुकाणूवर बसतात. बॅटरी १२.५, शेवटच्या बल्बावर १२.०. सहाही डायल सारख्या दिसतात. इग्निशन चालू ठेवून दिवे लावतो, बंद करतो, पुन्हा लावतो. एकही काटा हलत नाही.

मग मी त्यांना डिमर खाली आणायला सांगतो, आकडे वाचता येतील इतपतच. डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि डॅशबोर्डचा झगझगाट ती सवय क्षणात मोडतो. समोरच्या जाळ्याचा तरंगता डबा दिसायला हवा असेल तर आतला उजेड बेताचाच हवा. तारा धड असल्या की तो किती ठेवायचा हे ठरवणं तांडेलाच्या हातात येतं.

वहीत आजची मापं दुरुस्तीआधीच्या मापांशेजारी लिहितो. खाली तांडेलकाकांसाठी एक सूचना: दर महिन्याला एकदा, इंजिन बंद आणि किल्ली चालू ठेवून, दिवे लावा आणि काट्यांकडे बघा. ज्या दिवशी एखादा काटा हलेल, त्याच दिवशी फोन करा, उजेड कमी होण्याची वाट बघू नका.