वाळवंटातली बाग (लेखांक ६) : झुडपाला पाणी, मिठाला वाट

रियाधमध्ये दुपारचा पारा पस्तिशीच्या खाली उतरला की झुडपं लावायचा हंगाम सुरू झाला म्हणायचं. आपल्याकडे लागवड म्हणजे मृगाचा पाऊस, पण इथे जूनमध्ये लावलेलं रोप आठवडाभरात करपतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या रोपाला मात्र सगळा हिवाळा मुळं खाली उतरवायला मिळतो. फेब्रुवारीतही लावता येतं, पण मग उन्हाळ्याआधी हाताशी फार दिवस राहत नाहीत. गेल्या आठवड्यात आपण बोगनवेल, कण्हेर, जास्वंद आणि मोगरा यांतून निवड केली. आता खड्डा घेऊ.

व्हिलाच्या अंगणात कुदळ मारली की वर छान वाळू लागते आणि फूटभर खाली राडारोडा. सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, फुटक्या टाइल्स, सगळं बांधकाम संपल्यावर तिथेच पुरलेलं असतं. हे सगळं वेचून काढा. मुळांना अडथळा होतो तो होतोच, शिवाय मुळात चुनखडीच्या असलेल्या जमिनीत सिमेंटचा चुना आणखी भर घालतो. मग खड्डा पाण्याने भरून बघा. तासाभरात पाणी मुरलं तर उत्तम. तसंच उभं राहिलं तर खाली गच थर आहे, तो पहारीने फोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. खड्डा पिशवीतल्या मातीच्या गड्ड्याच्या तिप्पट रुंद असावा, खोली मात्र गड्ड्याएवढीच. जास्त खोल खणून खाली भुसभुशीत खत भरलं की ते पुढे दबतं, रोप खचतं आणि बुंध्याशी कूज लागते.

भरताना तीच वाळू वापरा आणि तिच्यात फार तर तिसरा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. पुष्कळ जण विकतच्या पॉटिंग मिक्सनेच खड्डा भरतात. मग मुळं त्या मऊ मातीतच घुटमळतात, बाहेरच्या वाळूत शिरत नाहीत. मेंढीचं ताजं खत तर नकोच. ते उष्ण असतं आणि त्यात क्षारही भरपूर असतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर आपले ऊस उत्पादक ज्याला केवडा म्हणतात तोच प्रकार समजा. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते उचलता येत नाही. साधं फेरस सल्फेट अशा जमिनीत लवकर निकामी होतं. चिलेटेड लोहातही ईडीडीएचए प्रकारचंच घ्या, तेच इतक्या चुनखडीत टिकतं.

आता पाणी. या लेखात मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते इथेच. इथली झुडपं तहानेने मरतात त्याहून जास्त मिठाने मरतात, असं माझं मत आहे. कोकणातला पाऊस जमिनीतले क्षार दरवर्षी धुऊन नेतो, म्हणून तिथल्या बागाइतदाराला मिठाचा विचारच करावा लागत नाही. रियाधला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस होतो. पुण्यात एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. नळाचं पाणी समुद्राचं निःक्षारीकरण केलेलं असलं तरी अनेक ठिकाणी त्यात विहिरीचं पाणी मिसळलेलं असतं. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरा. झुडपाला रोज १० लिटर पाणी घातलंत तर वर्षाकाठी त्याच्या बुडाशी पावणेदोन किलोंहून जास्त क्षार गेले. पाणी उडून जातं, क्षार जागेवरच राहतात.

म्हणून रोज संध्याकाळी पाइप धरून पाच मिनिटं शिंपणं सोडा. चार बोटं माती भिजते, मुळं त्या चार बोटांतच वर येतात आणि मीठही तिथेच साठतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन जळू लागल्या की माणूस पाणी कमी पडतंय असं समजतो आणि आणखी शिंपतो. त्याऐवजी रुंद आळं करा, पाणी दिवसाआड किंवा त्याहून कमी वेळा द्या, पण दीड-दोन फूट खाली पोचेल इतकं द्या. तासाभराने लोखंडी सळई खुपसून बघा. ओल्या वाळूत ती सरसर जाते आणि कोरडी लागली की अडते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू सोडा, म्हणजे साठलेले क्षार मुळांखाली जातील.

सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना क्षारपड जमीन नवी नाही. तिथे पाणी अती झालं, निचरा राहिला नाही आणि मीठ वर आलं. इथे पाणी अपुरं पडतं आणि मीठ खाली जातच नाही. दोन्हीकडे प्रश्न पाण्याला खाली जायला वाट आहे का, एवढाच. जुबैलच्या बाजूला, समुद्राकाठच्या सबखा भागात, खारं भूजलच वर असतं, तिथे खड्ड्याऐवजी उंच वाफे करणंच शहाणपणाचं.

ठिबक असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्षार ओलाव्याच्या कडेला गोल जमतात. हिवाळ्यात पावसाची हलकी सर आली की ती हे मीठ पुन्हा मुळांकडे ढकलते. म्हणून पाऊस पडत असताना ठिबक बंद करू नका, चालू ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण ते पाणी वाया जात नाही.

पाण्याची किंमत इथे सरकारलाही कळलेली आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘ग्रीन रियाध’ प्रकल्पात ७५ लाख झाडं लावायची आहेत, ती शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर. आपल्या अंगणापुरतं आपण बुंध्यापासून चार बोटं सोडून खजुराच्या झावळ्यांचा चुरा पसरावा आणि फजरच्या अजानच्या सुमारास पाणी द्यावं. दुपारी पाइपमधलं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडा.

पुढच्या आठवड्यात छाटणी. ज्यांची कण्हेर आत्ताच वाढली आहे त्यांनी हातमोज्यांशिवाय तिला हात लावू नये. तिचा चीक विषारी असतो आणि तोडलेल्या फांद्या जाळल्या तर धूरही. मुलं बागेत खेळत असतील तर फांद्या बांधून लगेच कचऱ्यात टाका.