मरते कशी, ते सांग

अकोल्यात बोटीच्या इंजिनाचा मिस्त्री हवा असेल, तर जुन्या स्कूटरच्या मिस्त्र्याचं दार ठोठावावं लागतं. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण पूर आहेत. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीचं पाणी शहरातल्या वस्त्यांत शिरलं, तेव्हा माणसं बोटींनीच काढावी लागली. रबरी बोटीच्या मागे टांगायच्या मोटरला बचावाची पोरं ‘ओबीएम’ म्हणतात. वर्षाचे आठ-नऊ महिने ती गोदामात पडून असते आणि लागते तेव्हा भर पुरात लागते. अशा वेळी ती मधेच बंद पडली, तर बोट धारेच्या हवाली होते. म्हणून या दुरुस्तीकडे मी कधी हौस म्हणून पाहिलं नाही.

आमच्या बचाव पथकाची मोटर जुनी आहे. २५ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. दोरी ओढली की लगेच सुरू व्हायची आणि २०० लिटरच्या ड्रममध्ये बुडवून ठेवली तर कितीही वेळ चालायची. महानला काटेपूर्णा धरणावर नेली, बोटीत माणसं बसवली आणि पूर्ण थ्रॉटल दिला, की थोड्याच वेळात बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. प्लग बदलून झाला, कार्बोरेटर धुऊन झाला. फरक शून्य.

शेवटी स्कूटरच्या मिस्त्रीकाकांना गाठलं. त्यांची हयात चेतक आणि राजदूत उघडण्यात गेली. टू-स्ट्रोक म्हटल्यावर त्यांना बोटीचं काही अप्रूप वाटलं नाही. पान्याला हात लावायच्या आधी त्यांनी एवढंच विचारलं, “मरते कशी, ते सांग भाऊ. फटकन, का आचके देत देत?”

सगळी मेख या प्रश्नात आहे. चालू इंजिन खटका दाबल्यासारखं फटकन गेलं, तर आधी वायरिंगकडे पाहायचं: लाल दोरीच्या किल-स्विचची क्लिप, सैल जोड, गंजलेली अर्थिंग. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल किंवा सीडीआयही याच खात्यातली. आवाज जड होत, इंजिन आवळल्यासारखं होऊन थांबलं, तर थंड ठेवणारं पाणी फिरत नाही. मोटरच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते, तिच्यावर म्हणूनच सतत डोळा ठेवायचा. मोर्णेत जलपर्णी असते आणि पुरात पऱ्हाट्या, प्लास्टिक, काय काय वाहत येतं. खालची जाळी तुंबली की धार तुटते. खालच्या भागातलं रबरी इम्पेलर पडून पडून कडक झालं, तरी तेच होतं.

आमची मोटर आचके देत जायची. म्हणजे संशय पेट्रोलवर.

काकांनी ड्रमवर तपासायला साफ नकार दिला. “रिकाम्या बैलाचा दम कसा कयन?” म्हणाले. ड्रममध्ये इंजिन घोटभर पेट्रोलवर गुरगुरतं, भार आल्यावर त्याची तहान कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे आम्ही सगळे पुन्हा महानला गेलो.

मोटर थांबल्याबरोबर त्यांनी प्लग काढायला लावला. ओला निघाला, तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही. कोरडा निघाला, तर पेट्रोलच येत नाही. दोन्ही प्लग कोरडे निघाले. मग टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवरचा रबरी फुगा. आचके सुरू झाल्यावर तो दाबला आणि इंजिन सावरलं, तर बहुधा फ्युएल पंपाचा पडदा कमजोर झालेला असतो. आमचा फुगा दाबायला गेलो, तर तो आधीच चपटा होऊन बसला होता. पंप ओढत होता, मागून काही येत नव्हतं.

अशा वेळी पहिला गुन्हेगार टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते. आमचा उघडा होता. टाकीतली जाळीही स्वच्छ. राहिली टाकीपासून फुग्यापर्यंतची नळी. बाहेरून ती धड दिसत होती. काकांनी ब्लेडने उभी चिरली, तर आतलं अस्तर सुटून त्याचा पापुद्रा लोंबत होता. कमी ओढीला तो बाजूला राहायचा, जोराची ओढ बसली की आडवा येऊन वाट बंद करायचा. थांबलं की परत सुटायचा. ड्रममध्ये दोष का दिसला नाही, ते तिथेच कळलं.

या नळीला दोन गोष्टींनी खाल्लं असावं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या गोदामात रबर भाजून निघतं. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही आणि हवेतला ओलावाही ते ओढून घेतं. पोरांनी बाजारातली पारदर्शक नळी आणली होती, ती काकांनी परत पाठवली. इथेनॉल सोसणारी, इंधनासाठीचीच नळी मागवली आणि फुगाही बदलला.

नवी नळी लावून मोटर भरल्या बोटीनिशी पूर्ण थ्रॉटलवर पलीकडच्या काठापर्यंत गेली आणि न थांबता परत आली.

आता काम झालं की नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळेपर्यंत इंजिन पाण्यातच चालवतो. ऑइल लिटरला २० मिली, पेट्रोल ताजं. मिश्रण टाकीत साठवून ठेवत नाही. इम्पेलर आणि नळी दोन्ही मे अखेर तपासायचं ठरलंय, आणि चाचणी भरल्या बोटीनिशी, धरणावर.