विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' आणि हेलियमची गोष्ट

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या यवतमाळच्या पोरांना समुद्र तसा पाठ्यपुस्तकातलाच. म्हणून सहल कोकणात नेली की किल्ल्यावर ऐकलेली प्रत्येक गोष्ट ती पक्की धरून घरी आणतात. देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गावर जाणार असाल, तर तिथल्या दोन गोष्टी आधी नीट समजून घ्या.

पहिली भिंतीची. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला म्हणजे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. तिहेरी तटबंदी अजून उभी आहे, आत मात्र पडझड. समुद्राखाली एक भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटायची, असं गावकरी सांगतात. ऐकायला दंतकथाच वाटते. पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे पाण्याखाली दगडी भिंत आढळली. (तरी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह चालून आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं आणि किल्ला पडला. हेही पोरांना सांगा.)

दुसरी गोष्ट विज्ञानाची, म्हणून आपण ती न तपासताच सांगतो. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'वर दुर्बीण लावून नॉर्मन लॉकियरने 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात हेलियम शोधला, अशी ती गोष्ट. दरवर्षी 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही होतो.

खरं काय? त्या दिवशी खग्रास ग्रहण झालं, पण जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ ते गुंटूरला पाहत होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. 20 ऑक्टोबरला त्याने तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या शेजारी होती, पण त्यांच्यावर बसत नव्हती. म्हणजे हे मूलद्रव्य वेगळं! ग्रीक 'हेलिऑस', म्हणजे सूर्य, यावरून त्याला हेलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर तो सापडला 1895 मध्ये, रॅमसेला, एका खनिजात.

मग ओटे खोटे का? नाही! लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता, पण 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. मदतीला 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेवरचे खलाशी होते. माणूस खरा, जागा खरी, साल तेवढं तीस वर्षं मागे सरकलं.

आता नकाशा काढा आणि पोरांना विजयदुर्ग ते पुलगाव अशी रेघ ओढायला लावा. 1898 च्या ग्रहणाची सावली साधारण याच वाटेने, आपल्या जिल्ह्यावरून गेली. पुलगावला इंग्रज शास्त्रज्ञांचं एक पथक होतं. धामणगाव-पुलगावच्या मधलं तळणी स्टेशन आपण गाडीतून कितीदा तरी मागे टाकलं असेल. त्याच तळणीला अ‍ॅनी माँडर या खगोलअभ्यासक बाईंनी सूर्याच्या प्रभामंडलाचा फोटो घेतला, आणि त्यात एक किरण खूप लांबवर गेलेला दिसला.