अंतर यंत्राचे, निर्णय खेळाडूचा

मुलांनो, क्रिकेट, हॉकी, कबड्डी हे खेळ तुम्ही पाहिले आहेत आणि खेळलेही आहेत. गोल्फ मात्र तुमच्यापैकी थोड्यांनीच प्रत्यक्ष पाहिला असेल. त्याला फार मोठे मैदान लागते आणि त्याचे साहित्यही महाग असते. तरीही या खेळाच्या नियमांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आज आपण त्यांपैकी एका नियमाची ओळख करून घेऊ. हा नियम अंतर मोजणाऱ्या यंत्राविषयी आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. गोल्फच्या मैदानाचे साधारणपणे १८ भाग असतात. प्रत्येक भागाला ‘होल’ म्हणतात. प्रत्येक भागाच्या शेवटी बारीक कापलेल्या गवताची हिरवळ असते. त्या हिरवळीत एक खळगा असतो. तो केवळ १०८ मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारे अर्ध्या वितीएवढा असतो. तो दुरून कळावा म्हणून त्यात झेंडा उभा केलेला असतो. खेळाडूने काठीने चेंडू मारत मारत त्या खळग्यात घालायचा असतो. सर्वसाधारण स्पर्धेत जो कमीत कमी फटक्यांत सर्व होल पूर्ण करतो, तो जिंकतो.

हा खेळ स्कॉटलंडमध्ये वाढला. १७४४ साली एडिंबरो शहराजवळील लीथ येथे खेळाडूंनी १३ नियम लिहून काढले. गोल्फचे ते सर्वांत जुने लिखित नियम मानले जातात. आपल्या देशातही हा खेळ जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला.

आता अंतराचा प्रश्न पाहू. खेळाडूला आपल्याबरोबर जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. काही काठ्यांनी चेंडू लांब जातो, काहींनी तो उंच उडून जवळ पडतो. एका काठीत आणि तिच्या पुढच्या काठीत बहुधा दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणून झेंडा १४० मीटरवर आहे की १५० मीटरवर, हे कळले नाही, तर काठी चुकते. काठी चुकली की चेंडू वाळूत किंवा पाण्यात जाऊन पडतो. एका चुकीच्या अंदाजाने सामना हातचा जाऊ शकतो. ‘अंदाज’ हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. पूर्वी गोल्फमध्ये अंदाजालाच मोठी किंमत होती.

पुढे खेळाडू पावलांनी अंतर मोजून वहीत लिहू लागले. जॅक निकलॉस या अमेरिकन खेळाडूने ही पद्धत फार काळजीपूर्वक वापरली. मैदानावरही खुणा करण्यात आल्या. खेळाडूची पिशवी उचलणाऱ्या मदतनिसाला ‘कॅडी’ म्हणतात. चांगला कॅडी सामन्याच्या आधी सर्व मैदान फिरून अंतरे टिपून ठेवत असे.

त्यानंतर यंत्रे आली. ती मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिले यंत्र लहान दुर्बिणीसारखे दिसते. ते झेंड्याकडे धरून बटण दाबले की त्यातून लेसर प्रकाशाचा किरण निघतो. तो झेंड्यावर आपटून परत येतो. जाऊन येण्यास किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढते. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. झेंडा १५० मीटरवर असेल, तर किरणाचा जाण्यायेण्याचा प्रवास ३०० मीटर होतो. त्याला सेकंदाचा केवळ दहा लाखावा भाग पुरतो! एवढा सूक्ष्म काळ हे यंत्र मोजते.

दुसऱ्या प्रकारचे यंत्र उपग्रहांच्या मदतीने चालते. उपग्रहांकडून आलेल्या संदेशांवरून ते आपली जागा ओळखते. त्यात मैदानाचा नकाशा आधीच भरलेला असतो. त्यामुळे हिरवळ किती दूर आहे, हे ते लगेच दाखवते. आता मनगटी घड्याळात आणि मोबाईल फोनमध्येही ही सोय मिळते.

अशी यंत्रे स्पर्धेत चालू द्यावीत का, यावर बराच वाद झाला. काही जण म्हणत, “नजरेने अंतर ओळखणे हे खेळाडूचे कौशल्य आहे. यंत्राने ते नाहीसे होईल.” दुसरे म्हणत, “अंतर वहीत लिहिलेले चालते, मग यंत्राने मोजले तर काय बिघडले? उलट खेळाचा वेळ वाचेल.” दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते.

स्कॉटलंडमधील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची गोल्फ संघटना या दोन संस्था मिळून खेळाचे नियम ठरवतात. त्यांनी हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवला. २००६ पूर्वी सामन्यात अशा यंत्राला बंदी होती. २००६ पासून आयोजकांना स्थानिक नियम करून परवानगी देता येऊ लागली. १ जानेवारी २०१९ पासून हे उलट झाले. आता यंत्राने अंतर मोजण्यास मुळातच परवानगी आहे. आयोजकांना ते नको असेल, तर त्यांनी स्थानिक नियम करून बंदी घालावी लागते. २०२१ साली अमेरिकेतील किआवा आयलंड येथे झालेल्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत यंत्रांना परवानगी होती. पुरुषांच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एखाद्या स्पर्धेत असे प्रथमच घडले. ती स्पर्धा ५० वर्षांच्या फिल मिकेल्सन यांनी जिंकली.

परवानगी मिळाली, तरी तिला एक मर्यादा आहे. यंत्राने फक्त अंतर सांगावे. काही यंत्रे जमिनीचा चढउतारही मोजतात. समजा, झेंडा १५० मीटरवर पण उंचावर आहे. असे यंत्र सांगते, “१५० नव्हे, १६० मीटर समजून मारा.” काही यंत्रे तर कोणती काठी घ्यावी आणि कोणत्या दिशेने मारावे, हेही सुचवतात. सामन्यात ही मदत घेता येत नाही. वाऱ्याचा वेग मैदानावर यंत्राने मोजणेही मना आहे. हवामानाच्या बातमीतून मिळालेली माहिती मात्र चालते. चिमूटभर गवत हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहिली तरीही चालते.

यंत्रात चढउतार मोजण्याची सोय असेल, तर ती बंद ठेवून यंत्र वापरता येते. २०१६ पूर्वी अशी सोय यंत्रात असणे एवढ्यावरूनही खेळाडू बाद होत असे, मग त्याने ती वापरलेली असो वा नसो. आता सोय असणे हा गुन्हा नाही, ती वापरणे हा नियमभंग आहे.

नियम मोडल्यास शिक्षा काय? पहिल्या वेळी दोन फटक्यांचा दंड होतो. दोन खेळाडू एकेका होलसाठी लढत असतील, तर तो होल गमवावा लागतो. पुन्हा नियम मोडल्यास खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. कॅडीने चूक केली, तरी दंड खेळाडूलाच होतो. म्हणून शहाणा खेळाडू सामन्यापूर्वी स्थानिक नियम वाचतो, यंत्र तपासतो आणि कॅडीलाही समजावून सांगतो.

या नियमामागचा विचार सोपा आहे. परीक्षेत भूमितीच्या पेपरला पट्टी, कंपास आणि कोनमापक चालतात. पट्टी रेघेची लांबी सांगते. पण प्रमेय कसे सिद्ध करावे, हे सांगणारी चिठ्ठी चालत नाही. कारण परीक्षा तुमच्या विचाराची असते. गोल्फमध्येही असेच आहे. झेंडा किती दूर आहे, ही सर्वांसाठी सारखीच असलेली माहिती आहे. ती प्रतिस्पर्ध्यालाही विचारता येते. मात्र “तुम्ही कोणती काठी वापरली?” असे त्याला विचारले, तर तो सल्ला ठरतो आणि दंड होतो. माहिती कोणाकडूनही घ्यावी, निर्णय मात्र आपला असावा, हे या नियमाचे सार आहे.

आता एक प्रश्न उरतो. एवढ्या मोठ्या मैदानावर प्रत्येक खेळाडूजवळ पंच नसतो. मग त्याने यंत्रातील बंद सोय गुपचूप चालू केली, तर कोणाला कळणार? बहुतेक वेळा कोणालाच कळणार नाही. गोल्फमध्ये खेळाडूने स्वतःची चूक स्वतः सांगावी आणि स्वतः दंड घ्यावा, अशी अपेक्षा असते. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्यापूर्वी किंचित हलला. इतरांना ते दिसले नव्हते. जोन्स यांनी स्वतःच पंचांना सांगून एका फटक्याचा दंड घेतला. स्पर्धेच्या शेवटी त्यांची विली मॅकफर्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि त्यानंतरच्या निर्णायक सामन्यात जोन्स हरले. तो एक फटका त्यांनी लपवला असता, तर विजेतेपद त्यांचेच होते.

यंत्र मीटर मोजते, यार्ड मोजते. माणसाचा खरेपणा मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही. तो ज्याचा त्यानेच मोजायचा असतो.

स्वाध्याय

१. खेळाडूला झेंड्याचे अंतर कळणे का आवश्यक असते?
२. लेसर यंत्र अंतर कसे काढते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. २००६ आणि २०१९ या वर्षी नियमांत कोणते बदल झाले?
४. ‘माहिती’ आणि ‘सल्ला’ यांतील फरक पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
५. विचार करा व लिहा : कोणी पाहत नसताना नियम पाळणे अवघड का वाटते?