इंडोनेशियन चित्रपटसंवादांतील सर्वनामांचे संदर्भ

इंडोनेशियन चित्रपटांच्या संवादांत एखादे सर्वनाम कोणासाठी वापरले आहे, हे आधीची वाक्ये, शब्दक्रम आणि पडद्यावरील दृश्य यांवरून ठरते. सर्वनामाचा रोख आधी आलेल्या नामाकडे असल्यास त्यास पूर्वनिर्देश आणि नंतर येणाऱ्या नामाकडे असल्यास उत्तरनिर्देश म्हणतात. या लेखातील उदाहरणवाक्ये स्पष्टीकरणासाठी रचलेली आहेत.

सर्वनामे

इंडोनेशियन भाषेत व्याकरणिक लिंग नाही. 'दिया' या एकाच सर्वनामाचा अर्थ 'तो' किंवा 'ती' असा होतो. आदरार्थी 'बलियाउ' आणि अनेकवचनी 'मरेका' या रूपांतूनही लिंग कळत नाही. '-न्या' हा प्रत्यय नामाला जोडल्यास 'त्याचा' किंवा 'तिचा' असा अर्थ मिळतो. काही वेळा तो केवळ निश्चितता दर्शवतो.

पूर्वनिर्देश

'रीना माना?' (रीना कुठे आहे?) या प्रश्नाला 'दिया दि दापुर' (ती स्वयंपाकघरात आहे) असे उत्तर मिळते. बोलण्यात 'दिया' गाळून नुसते 'दि दापुर' असेही म्हणतात. तेव्हा न उच्चारलेला कर्ताच मागील नामाशी जोडला जातो. 'रीना बरतमू सारी. दिया मनांगिस' (रीना सारीला भेटली. ती रडली) यात कोण रडली, हे शब्दांवरून ठरत नाही. चित्रपटात असा संदेह बहुधा दृश्यच दूर करते.

उत्तरनिर्देश

'मलिहात इबुन्या, रीना मनांगिस' (आपल्या आईला पाहून रीना रडली) या वाक्यात 'इबुन्या'मधील '-न्या' पुढे येणाऱ्या रीनाकडे निर्देश करतो. सर्वनामांखेरीज 'बगिनी' (असे) हा शब्द पुढे सांगावयाच्या मजकुराची सूचना देतो, तर 'बगितू' (तसे) सांगून झालेल्या मजकुराकडे वळतो. रूडी सुजार्वो दिग्दर्शित 'तंतांग दिया' (2005) या चित्रपटाच्या शीर्षकाचा अर्थ 'त्याच्याविषयी' किंवा 'तिच्याविषयी' असा होतो. ही व्यक्ती कोण, हे केवळ शीर्षकावरून कळत नाही.

मराठी अनुवादातील प्रश्न

मराठीत 'तो' आणि 'ती' यांतून एकाची निवड करावी लागते. सर्वनाम गाळले तरी 'आला' किंवा 'आली' या क्रियापदातून लिंग उघड होते. त्यामुळे पात्राची ओळख राखून ठेवणाऱ्या प्रसंगात मराठी उपशीर्षक रहस्य आधीच फोडू शकते. 'ती व्यक्ती आली' अशी रचना लिंग झाकते, परंतु संवादाचा घरगुती सूर बदलतो. याउलट ऐकणाऱ्यास सामावून घेणारे 'किता' आणि वगळणारे 'कामी' हा भेद मराठीत 'आपण' व 'आम्ही' यांमुळे सहज टिकतो. इंडोनेशियन बोलीत मात्र 'कामी'च्या जागीही 'किता' वापरले जाते. म्हणून अनुवादकाला प्रसंग पाहूनच निवड करावी लागते.